सवलत क्रिकेटला, बंधन कोणाला?

२०२५ च्या हंगामात महाराष्ट्र प्रीमियर लीग या ट्वेंटी-२० स्पर्धेत 'सातारा वॉरियर्स' नावाचा संघ उतरला. सातारकरांना त्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक होते. मात्र या संघाचा सामना पाहायचा तर सातारकरांना पुण्याजवळील गहुंजे गाठावे लागे, नाहीतर दूरचित्रवाणी किंवा मोबाइल उघडावा लागे. कारण स्पर्धेचे सारे सामने एकाच मैदानावर होतात. संघाला नाव जिल्ह्याचे आणि खेळ प्रक्षेपणासाठी, ही व्यवस्था आता आपल्या अंगवळणी पडली आहे. खेळाचे अर्थकारण तिकीट खिडकीवरून प्रक्षेपणाच्या हक्कांकडे सरकले, त्याचाच हा परिणाम होय. एकट्या आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. या पैशाला सरकारने वेळोवेळी करांतून आणि शुल्कांतून सवलती दिल्या. त्या देताना सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांतील खेळाडू आणि संघ यांच्याविषयी काही बंधन घातले का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

प्रारंभ करमणूक करापासून करावा लागेल. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम १९२३ सालचा. पैसे घेऊन प्रेक्षकांना प्रवेश दिला जातो असा कोणताही खेळ, प्रयोग वा प्रदर्शन या कायद्याच्या कक्षेत येई. त्याचबरोबर सर्वसाधारण वा विशेष आदेश काढून कर माफ करण्याचा अधिकारही कायद्याने राज्य सरकारला दिला होता. धर्मादाय आणि शैक्षणिक कार्यासाठी होणाऱ्या कार्यक्रमांचा विचार त्यामागे होता. पुढे क्रिकेटला मिळालेली मोकळीक मात्र धर्मादायाच्या कोणत्याही व्याख्येत बसणे कठीण आहे. २००८ साली आयपीएल सुरू झाली. चित्रपटगृहात बसणाऱ्या सामान्य प्रेक्षकाकडून सरकार करमणूक कर वसूल करीत होते, पण मुंबईत चाललेल्या आयपीएलच्या सामन्यांकडून नाही. जानेवारी २०१० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कर लावण्याचे ठरविले, परंतु त्या वर्षीचा हंगाम तसाच पार पडला. शिवसेनेचे नेते सुभाष देसाई यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मंत्रिमंडळाचा निर्णय होऊनही वसुली का झाली नाही, असा जाब न्यायालयाने सरकारला विचारला. आपल्याकडे सत्ताकारण आणि क्रिकेट संघटना यांच्यातील दार नेहमीच उघडे राहिले आहे. सवलत देणारे आणि घेणारे अनेकदा एकाच पंक्तीला बसलेले असतात, हे वाचकांना नव्याने सांगायला नको.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. आयपीएलच्या तिकिटांवर तेव्हा २८ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. दर ठरविण्याचा अधिकार परिषदेकडे असल्याने मुंबईतील सरकारला स्वतःच्या मर्जीने तिकिटांवरचा कर माफ करता येत नाही. यामुळे सवलतीचा मार्ग बंद झाला असे कोणास वाटेल. तसे झाले नाही, सवलतीने केवळ रूप बदलले.

पोलीस बंदोबस्ताचे उदाहरण घ्या. सामन्याच्या बंदोबस्ताचे शुल्क आयोजकाने भरायचे असते. मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे या शुल्काचे कोट्यवधी रुपये थकले होते. जून २०२३ मध्ये गृह विभागाने शासन निर्णय काढून हे दर मोठ्या प्रमाणावर खाली आणले, आणि तेही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने! माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. थकबाकीचा आकडा १४ कोटी ८२ लाख रुपयांचा होता. ऑगस्ट २०२४ मधील सुनावणीत न्यायालयाने झोपडपट्टीवासीयांच्या वाढत्या पाणीपट्टीचा दाखला देऊन या औदार्याबद्दल सरकारला धारेवर धरले. निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. इतकी रक्कम सोडून देताना सरकारने त्या बदल्यात काहीही मागितले नाही. जिल्ह्यात एक मैदान करा, वर्षातून दोन सामने मुंबई-पुण्याबाहेर खेळवा, इतकी साधी अटही नाही.

केंद्राचा हिशेब याहून मोठा आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची प्राप्तिकर कायद्याखाली धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी होती. आयपीएलच्या उलाढालीनंतर हा कारभार व्यापारी असल्याची भूमिका प्राप्तिकर खात्याने घेतली. वाद न्यायाधिकरणात गेला. स्पर्धेतून पैसा मिळतो एवढ्यावरून क्रिकेटच्या प्रसाराचा मूळ हेतू नाहीसा होत नाही, असा निकाल नोव्हेंबर २०२१ मध्ये मंडळाच्या बाजूने लागला. मंडळ कर भरतच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. २०२१-२२ या वर्षात मंडळाने १,१५९ कोटी रुपये प्राप्तिकर भरल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. पण त्याआधीचा काळ पाहावा लागतो. विधी आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सादर केलेल्या २७५ व्या अहवालात १९९७ ते २००७ या काळात मंडळाला मिळालेल्या करमाफीची रक्कम सुमारे २,१६८ कोटी रुपये दिली आहे. माफ केलेला कर म्हणजे तिजोरीतून दिलेले अप्रत्यक्ष अर्थसाहाय्यच होय, म्हणून अशी संस्था जनतेला उत्तरदायी असली पाहिजे, असा आयोगाचा युक्तिवाद आहे.

करमाफी आयोजकाला मिळाली तर प्रसारकाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. विश्वचषकाच्या प्रकरणात तो संबंध स्पष्ट दिसतो. २०११ च्या विश्वचषकासाठी केंद्राने आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला सुमारे ४५ कोटी रुपयांची करसवलत दिली होती. २०१६ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाला तशी सवलत मिळाली नाही. तेव्हा हक्क घेतलेल्या स्टार इंडियाने परिषदेला द्यावयाच्या रकमेतून १०.९२ टक्के कर कापून घेतला आणि ती तूट कोणी भरायची यावरून परिषद व मंडळ यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. २०२३ च्या विश्वचषकापूर्वी मंडळाने आपल्या सदस्य संघटनांना कळविले, की प्रक्षेपणाच्या सुमारे ५३ कोटी डॉलर उत्पन्नावर २१.८४ टक्क्यांनी कर लागला तर बोजा सुमारे ११ कोटी ६५ लाख डॉलरचा होईल. प्रक्षेपणाच्या पैशावरचा कर कागदोपत्री कोणाच्याही नावे असो, तो हक्कांच्या किमतीतून प्रसारक, परिषद आणि मंडळ या तिघांमध्ये फिरत राहतो. माफी मिळाली की लाभही तिघांमध्येच वाटला जातो. कासेगावच्या कबड्डी मैदानाचा किंवा कराडच्या तालमीचा त्या वाटणीत कुठेही उल्लेख नसतो.

प्रसारकांवर कोणतेच बंधन नाही, असेही नाही. २००७ च्या क्रीडा प्रसारण संकेत कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला देणे खासगी वाहिन्यांना बंधनकारक आहे. दूरचित्रवाणीच्या जाहिरात उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाला आणि उरलेला प्रसारभारतीला, अशी वाटणी त्यात आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची मर्यादाही आखून दिली. हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या भूप्रसारण जाळ्यावर आणि मोफत डीटीएच सेवेवर दाखवावे, केबलचालकांमार्फत नव्हे. माणदेशातील एखाद्या वाडीत साध्या छत्रीवर भारताचा सामना दिसतो तो या कायद्याच्या कृपेने. कायदा चांगलाच आहे. परंतु त्याने प्रसारकाला बांधले ते प्रेक्षकाशी. खेळाडू, संघ, मैदान यांच्याशी त्याचे नाते काय असावे, याविषयी आपल्या कायद्यात एक ओळही नाही.

मग जिल्ह्यापर्यंत पैसा पोहोचतो तरी कसा? क्रिकेटमध्ये मंडळाच्या प्रक्षेपण उत्पन्नातील मोठा हिस्सा राज्य संघटनांना जातो. महाराष्ट्रात अशा संघटना तीन: मुंबई, विदर्भ आणि उरलेल्या राज्यासाठी पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन. सातारा व सांगली या तिसरीच्या कक्षेत येतात. मुंबईच्या एका शहराला जेवढे स्थान, तेवढेच इकडे कोकणापासून खानदेशापर्यंतच्या जिल्ह्यांना मिळून. राज्य संघटनेने जिल्ह्यावर किती खर्च करावा याचे बंधन सरकारी सवलतीशी जोडलेले नाही. ते सर्वस्वी संघटनेच्या इच्छेवर आहे. न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ मध्ये राज्य संघटनांच्या खर्चावर देखरेख नसल्याबद्दल कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी, चॅम्पियन्स लीग बंद केल्याबद्दल प्रसारकाकडून मिळालेल्या भरपाईतून प्रत्येक राज्य संघटनेला १६ कोटी ७३ लाख रुपये वाटण्यात आले. सुधारणा स्वीकारीपर्यंत या रकमेला हात लावू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला काढावा लागला.

या भागाने क्रिकेटला काय दिले, ते मोजण्यासारखे आहे. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीत झाला. महाराष्ट्राकडून खेळताना १९३९-४० च्या हंगामात त्यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, आणि पुढे ते बडोद्याचे झाले. स्मृती मानधना सांगलीत वाढली. तिने सराव केला तो सिमेंटच्या खेळपट्टीवर. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात तिच्यावर ३ कोटी ४० लाखांची, म्हणजे सर्वाधिक बोली लागली, आणि ती लावली बंगळुरूने. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा सांगलीत जल्लोष झाला. जल्लोष करणे सोपे असते. त्या सिमेंटच्या खेळपट्टीच्या जागी पुढच्या मुलींसाठी काय आले, हे पाहणे तितके सोपे नाही.

कबड्डीत तर प्रसारक आणि मालक यांच्यातील भेदच पुसला गेला आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी ही लीग चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीतील ७४ टक्के हिस्सा स्टार इंडियाने घेतला. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके दिल्लीच्या संघातून देशभर पोहोचला, हे या लीगचे श्रेय नाकारता येणार नाही. मातीवरचा खेळ मॅटवर आला, खेळाडूंच्या हाती लाखो रुपये पडू लागले. परंतु ज्या गावच्या मंडळांनी हे खेळाडू घडविले त्यांना काय? फुटबॉलमध्ये खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली की त्याला लहानपणी घडविणाऱ्या क्लबांना रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा नियमानेच मिळतो. कबड्डीच्या गाव मंडळाला अशा वाट्याची हमी देणारा कायदा आपल्याकडे नाही.

कुस्तीची कथा आणखी निराळी. कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी लोकवर्गणी जमवावी लागली होती. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक त्यांनी आणले. त्यांच्या गावी कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा झाली, पण ते रखडले, आणि २०१७ मध्ये कुटुंबीयांवर ते पदक लिलावात काढण्याची भाषा करण्याची वेळ आली. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा पटकावली.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडविला? फ्रान्सने २००० सालापासून क्रीडा प्रक्षेपण हक्कांच्या विक्रीवर पाच टक्के कर लावला. त्यातील पैसा स्थानिक क्रीडा संस्थांसाठी वापरला जातो. ब्रिटनमध्ये प्रमुख क्रीडा संघटनांनी स्वेच्छा संहितेद्वारे प्रक्षेपणाच्या निव्वळ उत्पन्नातील किमान तीस टक्के रक्कम तळागाळातील खेळावर खर्च करण्याचे मान्य केले आहे. पहिला मार्ग सक्तीचा, दुसरा शब्द पाळण्याचा. आपल्या संघटनांचा इतिहास पाहता पहिल्याकडे झुकणे शहाणपणाचे ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र हक्क विक्रीवरील असा कर केंद्रच लावू शकते. राज्याला करता येण्याजोगे काम याहून सोपे आहे. बंदोबस्त शुल्क, मैदानाचे भाडे, सरकारी जमीन यांतील प्रत्येक सवलतीच्या शासन निर्णयात माफ केलेली रक्कम आकड्यात लिहावी, तेवढ्या रकमेची क्रीडा कामे कोणत्या जिल्ह्यात आणि किती मुदतीत करायची ते नमूद करावे, आणि मुदत टळल्यास सवलत आपोआप रद्द व्हावी. यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

माहितीचा प्रश्न तरीही उरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. मूळ विधेयकात सर्व मान्यताप्राप्त क्रीडा संघटना माहिती अधिकाराखाली येणार होत्या. दुरुस्तीनंतर ही कक्षा सरकारी अनुदान वा अन्य आर्थिक साहाय्य घेणाऱ्या संघटनांपुरती उरली. क्रिकेट मंडळ अनुदान घेत नाही, त्यामुळे ते बाहेर राहील असा अर्थ तेव्हा लावला गेला. परंतु विधी आयोगाचा २०१८ चा युक्तिवाद मान्य केला, तर माफ केलेला कर आणि सोडून दिलेले शुल्क हेसुद्धा 'अन्य आर्थिक साहाय्य' ठरते. सांगली किंवा साताऱ्यातील एखाद्या नागरिकाने आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला काय आले, असा अर्ज केला आणि तो फेटाळला गेला, तर माहिती आयोगाला किंवा न्यायालयाला या दोन शब्दांचा अर्थ ठरवावा लागेल.