बार्शीचे दप्तर

खेड्यातला कर्करोग उशिरा उघडकीस येतो याचे खापर तेथील माणसाच्या अज्ञानावर फोडून मोकळे होण्याची जी सोयीस्कर रीत शहरांत रूढ आहे, तिची खातरजमा ज्याला करावयाची असेल त्याने बार्शीचे दप्तर पाहावे. १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी तेथे सुरू झाली. वैद्यकीय दाखल्याविना घरीच मरण पावणाऱ्यांचा हिशेब दवाखान्यात बसून लागणारा नव्हता. म्हणून कर्मचारी गावोगाव हिंडत, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयितांना तपासणीस धाडीत. मोजदादीसाठी योजलेल्या या फेऱ्यांनीच असा गुण दिला की, काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या.

तोवर त्या का येत नव्हत्या? पाळी बंद झाल्यावर अंगावरून पुन्हा जाऊ लागले, तर ते नवऱ्याला सांगण्याचा संकोच असतो, आणि सासूला सांगावे तर "उष्णता झाली असेल" एवढ्यावर निकाल लागतो. रोग आरंभी दुखत नाही, हीच त्याची लबाडी. त्यातून दसऱ्यानंतर कारखान्याकडे निघणाऱ्या ऊसतोडीच्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दवाखान्यासाठी एक खाडा पडला तरी तो हिशेबात लागतो, मग तपासणी सहजच गुढीपाडव्यापुढे ढकलली जाते. वाटेत भेटणारा डॉक्टर गोळ्या देतो, फार तर सलाईन लावतो. आतून तपासावे तर आरोग्य केंद्रात बहुधा स्त्री डॉक्टर नसते. मिश्री लावणाऱ्या बाईच्या गालातील पांढरा चट्टाही असाच दुर्लक्षिला जातो.

वस्तुतः उपाय अज्ञात नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी केवळ एकदा झाली, तेथे आठ वर्षांत बळावलेला हा कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा अशा तपासणीच्या शिबिराचा मुहूर्त ठरविणाऱ्या अधिकाऱ्याने, दसऱ्यानंतर गावात त्या वयाच्या किती बायका उरतात, याची चौकशी आधी मुकादमाकडे करावी.