नळ जोडतो कोण?

जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण आपलीच. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं, दारात नळ येऊ लागले. पण नळ जोडतो कोण, हे विचारलंत का?

नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. बाकी वेळ पाइप रिकामा. जोड सैल असेल आणि शेजारी गटार असेल, तर रिकामा पाइप घाण पाणी आत ओढतो. पुढच्या वेळी तेच हंड्यात येतं. मग घरात जुलाब, कावीळ.

म्हणून शहरात नळाचं आणि गटाराचं काम परवाना असलेल्या प्लंबरकडूनच करून घ्यायचं असतं. जव्हार नगरपरिषद किंवा मोखाडा नगरपंचायतीच्या हद्दीत राहत असाल, तर अर्ज करतानाच परवानाधारक कोण ते विचारा. गावात ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय जोड घेऊ नका. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बाया असायला हव्यात. तिथे ठेकेदाराच्या माणसाचं शिक्षण, अनुभव विचारा. चर बुजवण्याआधी पाणी सोडून प्रत्येक जोड दाखवायला लावा. पाइप गटारातून नेऊ देऊ नका.

प्लंबर ओळखीचा असला, तरी विचारायला लाजू नका. पाणी आपल्याच लेकरांच्या पोटात जाणार आहे.