नाव कुणाच्या हजेरीपटावर?

नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि ‘आता हातात पगार कमी येणार’ या चर्चेला ऊत आला. तुमसर तालुक्यातल्या चिखल्यात मात्र पगाराच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: नाव कुणाच्या हजेरीपटावर?

चिखल्याची भूमिगत मँगनीज खाण मॉईल या सरकारी कंपनीची. ‘मॉईलमध्ये लागला’ म्हणजे पोरगा मार्गी लागला, ही इकडची समजूत उगाच नाही. सुमारे ५,८०० कर्मचाऱ्यांचा वेतनकरार १ ऑगस्ट २०१७ पासून दहा वर्षांसाठी झाला. ठेकेदाराच्या माणसाला असा करार कुठून?

सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये कारखान्यांतले सुमारे ४२ टक्के कामगार ठेकेदारामार्फत आलेले होते. (या पाहणीत खाणी धरत नाहीत. खनिज फेरोमँगनीजच्या भट्टीपाशी पोहोचले की मगच त्यावर राबणारे हात मोजले जातात.) या भट्टीला टनामागे हजारो युनिट वीज लागते. खर्चाचा मोठा वाटा वीज आणि खनिजाचा, मजुरी त्यापुढे किरकोळ. माडगीचा युनिव्हर्सल फेरो कारखाना खनिज इतके जवळ असूनही बंदच पडला. तरी काटकसरीची पहिली कुऱ्हाड मजुरीवर का, हे मला आजवर पटलेले नाही.

आता त्या गाजलेल्या पन्नास टक्क्यांचे. समजा एकूण पगार २०,००० रुपये आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून फक्त ८,०००. बाकी सगळे निरनिराळे भत्ते. नव्या व्याख्येत वेतन एकूण पगाराच्या किमान निम्मे, म्हणजे १०,००० धरावे लागेल. पीएफला ९६० ऐवजी १,२०० रुपये जातील, पण मालकालाही तेवढेच भरावे लागतील आणि ग्रॅच्युइटीही वाढेल. यात रडण्यासारखे काय आहे?

रडायचेच तर ठेकेदारीच्या कलमावर रडा. मुख्य कामात ठेका कामगार नकोत, असे संहिता म्हणते. पण ते काम ठेकेदाराकडूनच करून घेण्याची रीत असेल तर सूट! म्हणजे ज्यांनी रीत पाडली, तेच सुटले.

मॉईलच्या कराराची मुदत ३१ जुलै २०२७ ला संपते. पुढच्या बोलणीला बसणाऱ्या कामगार नेत्यांनी ठेकेदाराकडच्या माणसांसाठी निदान एक कलम तरी मागून घ्यावे.