बंदी उठली, पण तळाला श्वास कुठे?

पावसाळी बंदी उठली, दर्याला नारळ वाहून झाला आणि ससून डॉकपासून मालवणपर्यंतच्या पहिल्या जाळ्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. कोळंबी किती मिळाली, बांगडा किती, लिलावात भाव काय फुटला, हे सगळं आपण वाचलं. या बातम्यांत एक आकडा मात्र नसतो. ज्या चिखलावरून ट्रॉलरचं जाळं ओढलं गेलं, तिथल्या पाण्यात ऑक्सिजन किती होता? सप्टेंबर-ऑक्टोबरात याहून मोलाचा आकडा दुसरा नाही. कोकण-गोव्यासमोरचा समुद्रतळ वर्षभरात सर्वांत जास्त गुदमरलेला असतो तो याच दोन महिन्यांत.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खालपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाण्याचा जाड थर बारमाही असतो. उत्तरेकडून हा समुद्र जमिनीने बंद आहे, त्यामुळे ताजं, थंड पाणी तिथवर पोचायला वेळ लागतो. शिवाय वर शैवाल उदंड पिकतं. ते मरून खाली बसतं आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपवतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात या थराच्या वरच्या कडेचं पाणी उतार चढून किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर येतं. त्याच वेळी सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आणि पाऊस मिळून पृष्ठभागावर पाच-दहा मीटर जाडीचा गोडसर पाण्याचा थर पसरवतात. हे झाकण बसलं की वरची हवा खाली पोचत नाही. ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू नायट्रेट वापरतात, तेही संपलं की सल्फेट. मग तळाशी सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठू लागतो. गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 1997पासून कांदोळीसमोर ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन या चक्राची नोंद ठेवत आहेत. तिथे खोली जेमतेम अठ्ठावीस मीटर आहे. डॉ. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये पश्चिम किनाऱ्यालगतच्या अशा गुदमरणाऱ्या पट्ट्याचा विस्तार सुमारे 1 लाख 80 हजार चौरस किलोमीटर असल्याचं मांडलं. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त भरेल एवढा हा तळ.

हे काही अलीकडचं संकट नाही. 1959 साली त्याच ‘नेचर’मध्ये कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तू यांचा निबंध आला होता, तोही थेट मुंबईसमोरच्या समुद्रावर. कमी ऑक्सिजनचा थर उतार चढून किनाऱ्याकडे सरकतो आणि त्याचा मासेमारीवर परिणाम होतो, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. त्याच सुमारास कोचीनला काम करणाऱ्या कार्ल बान्झे यांना तळाशी राहणारे मासे या दिवसांत तो भाग सोडून जाताना दिसले.

मासे निघून जाऊ शकतात. चिखलात घर केलेल्यांनी काय करायचं? माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. तळ अशा वेळी रिकामा होत नाही, तिथली वस्ती बदलते. सर्वांत आधी हटतात कोळंबी-चिंबोरीच्या कुळातले जीव आणि मासे. त्यांचा श्वासाचा खर्च मोठा. शिंपले काही काळ कवच मिटून तग धरतात. टिकून राहतात ते मुख्यतः पॉलिकीट, म्हणजे खंडखंडांच्या अंगाचे समुद्री कृमी, आणि त्यांच्याहून लहान सूत्रकृमी. पॅराप्रायोनोस्पिओ या कृमीकडेच बघा. लांबी काही सेंटिमीटर, अंग मऊ आणि डोक्यामागे पापुद्र्यापापुद्र्यांचे मोठे कल्ले, तीन जोड्या. पापुद्र्यांमुळे पाण्याशी संपर्क वाढतो आणि ऑक्सिजनचा अगदी विरळ अंशही टिपता येतो. असे जीव चिखलात खोल शिरत नाहीत. पृष्ठभागाशी राहून वरून पडणारं अन्न वेचतात, लवकर वाढतात, लवकर प्रजनन करतात. डिसेंबरच्या सुमारास प्रवाह उलटून तळाला पुन्हा श्वास मिळाला की मोकळ्या जागेत आधी शिरतात ते अशाच घाईने वाढणाऱ्या जीवांचे डिंभक.

ऑक्सिजनइतकंच महत्त्व अन्नाला आहे. अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेतल्या लिसा लेविन यांनी 1994 साली ओमानसमोर चारशे ते सातशे मीटर खोलीवरचा चिखल तपासला. पृष्ठभागाच्या पाण्यात लिटरला साडेचार मिलिलिटरच्या आसपास असणारा ऑक्सिजन तिथे 0.13 ते 0.16 मिलिलिटर होता. तरीही एका चौरस मीटरमध्ये त्यांना सुमारे 5,800 ते 19,000 जीव मिळाले, हजार मीटरखालच्या चिखलातल्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण वरून पडणारं अन्न भरपूर होतं. फरक जातींचा होता. जाती थोड्या, त्यांतही दोन-चार जातींचंच राज्य, आणि बहुतेक सगळे कृमी. पाकिस्तानसमोर मात्र या थराच्या गाभ्यात असे जीव जवळजवळ सापडतच नाहीत. तिथे चिखल ढवळायला कुणी नसल्याने गाळाचे थर जसेच्या तसे बसत जातात आणि त्यांवरून जुन्या मोसमी पावसाचा इतिहास वाचता येतो.

म्हणून ‘तळाशी जीव भरपूर आहेत’ एवढ्या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. संख्या मोठी आणि जाती मूठभर असतील, तर तो तळ ओढगस्तीत आहे. जाळ्यातल्या मासळीलाही हेच लागू पडतं. गुदमरलेल्या पाण्यातून निघालेले मासे त्या पाण्याच्या कडेला दाटतात आणि तिथे ते सहज हाती लागतात. मेक्सिकोच्या आखातात हे नीट नोंदलं गेलं आहे. अशा वेळी भरलेलं जाळं समुद्र सुधारल्याची खूण असेलच असं नाही.

बंदी 1 जूनला लागते. पश्चिम किनाऱ्यासाठी केंद्राने ठरवलेली मुदत 31 जुलैला संपते, राज्य फार तर थोडी वाढवतं. तळाची खरी घुसमट त्यानंतर सुरू होते. नेमक्या त्या दिवसांत ट्रॉलरचं जड जाळं आधीच कमकुवत झालेली वस्ती खरवडत जातं. जगभरच्या समुद्रांनी 1960पासून सुमारे दोन टक्के ऑक्सिजन गमावला आहे. पाणी तापत आहे, शेतांतलं नत्र नद्यांवाटे समुद्रात उतरत आहे. घुसमट निसर्गाची आहे हे खरं, पण ती लांबवायला आपण हातभार लावत आहोत.

मासेमारांना घरी बसवा, असं माझं म्हणणं नाही. कर्जाचे हप्ते आणि डिझेलचा भाव त्यांच्या डोक्यावर आहे. मागणी इतकीच आहे की कांदोळीसमोर जशी सलग नोंद होते, तशी रत्नागिरीसमोर आणि मुंबईसमोरही व्हावी आणि ती बंदरावर मराठीत लावली जावी. मत्स्यव्यवसाय विभागाने पुढच्या बंदीच्या तारखा ठरवताना प्रजननाच्या तक्त्याशेजारी तळाच्या ऑक्सिजनचा तक्ताही ठेवावा.