गोठ्याच्या तुळईला कोच स्क्रू बसवताना



वळवाच्या वाऱ्याने एखाद्या गोठ्याचे छप्पर उचलले, की आम्ही आधी तुळईतले भोक पाहतो. भोकात आट्यांच्या खुणा नसून नुसता भुगा असेल, तर स्क्रू बहुधा घणाने ठोकलेला असतो. अर्धा ठोकायचा आणि शेवटचे चार फेरे पान्याने द्यायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. षट्कोनी डोक्याच्या या जाड स्क्रूची सगळी ताकद आटे लाकडात रुतण्यात आहे. ठोकला की लाकडाचे तंतू तुटतात, मग तो नुसता महाग खिळाच!

१० मिलिमीटरचा स्क्रू असेल तर त्याच्या गुळगुळीत भागापुरते १० चे भोक पाडावे, पुढे आट्यांसाठी ७ चे. बाभळीला भोक न पाडता स्क्रू घातला तर ती हमखास चिरते. आट्यांना साबण लावावा, डोक्याखाली वायसर घालावा. वायसर घट्ट बसला की थांबावे. जादा पिळला तर लाकडातले आटे मरतात.

खरी चूक मात्र वेगळीच होते. तुळईतून खांबाच्या डोक्यात उभा घातलेला स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच जातो, तिथे पकड फार कमी. वारा वर ओढतो तेव्हा तो सुटतो. म्हणून तुळई व खांब यांना बाजूने लोखंडी पट्टी लावून स्क्रू आडवे घालावेत. लाकूड ओले असेल तर सुकताना आक्रसते, तेव्हा पावसाळ्याआधी पाना एकदा फिरवून पाहावा.