पुन्हा पुन्हा पोट पडतं, तेव्हा रक्त तपासा

प्रताप नगरातल्या आमच्या बचत गटात एक जण हळूच म्हणाली, "ताई, तीनदा दिवस राहिले, तीनदा पडले. सासूबाई म्हणतात, पपई खाल्ली असशील." पपईवर किती खापर फोडायचं! वारंवार पोट पडण्याची कारणं बरीच असतात. त्यातलं एक रक्तात असतं, आणि त्याला औषध आहे.

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपलं शरीर काही प्रथिनं तयार करतं. काही जणींत ती चुकून स्वतःच्याच शरीरावर उलटतात. राखणदारानंच घरच्यांना अडवावं, तसं. मग रक्त लवकर गोठतं, वार नीट रुजत नाही आणि बाळाचं पोषण तुटतं. याला म्हणतात अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस. लंडनच्या डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये तो ओळखला. आपल्याकडच्या सिकलसेलशी याचा संबंध नाही.

तीनदा पोट पडलं असेल, तिसऱ्या महिन्यानंतर धडधाकट वाढणारं बाळ पोटातच गेलं असेल, किंवा बीपी फार वाढून आठव्या महिन्याच्या आतच बाळंतपण करावं लागलं असेल, तर डॉक्टरांना एपीएसबद्दल विचारा. रक्ताच्या तीन तपासण्या असतात. दोष दिसला तर किमान १२ आठवड्यांनी त्या पुन्हा करतात, कारण साध्या तापानंतरही तो तात्पुरता दिसू शकतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. गरोदरपणी गुप्तरोगासाठी व्हीडीआरएल तपासणी होते. एपीएस असेल तर ती कधी कधी खोटीच पॉझिटिव्ह येते. तेवढ्या एका कागदावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. अशा वेळी खात्रीची दुसरी तपासणी करून मागा. ती खरी निघाली तरी उपचार आहेच.

एपीएसमध्ये दिवस राहिल्यावर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. पोटाच्या कातडीखाली रोज सुई घ्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो, पण हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. उपचार घेतलेल्या दहापैकी साधारण सात जणींच्या हाती जिवंत बाळ येतं. शेजारणीची गोळी मात्र आपल्या मनानं घेऊ नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. पडलेल्या प्रत्येक खेपेचे कागद, सोनोग्राफीसकट, तिथं न्या. एकच पाय सुजून दुखला, दम लागला किंवा डोकं फार दुखलं, तर ९ तारखेची वाट पाहू नका.

बाळंतपणाला माहेरी जाताना फाईल आणि इंजेक्शनं सोबत ठेवा. शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं, हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. पाठीत भूल द्यायची की नाही, ते त्यावर ठरतं. बाळंतपणानंतरही इंजेक्शनं बहुधा सहा आठवडे चालतात. सव्वा महिना झाला म्हणून ती मध्येच सोडू नका.