ठाणे खाडी : गुलाबी थव्यांखालचा भार
परिसंस्था सेवा म्हणजे निसर्गाच्या कार्यातून माणसाला मिळणारे लाभ. २०१५ साली घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, समाविष्ट झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात लाटांचा जोर मोडणारी खारफुटी आणि मासळीच्या पिल्लांचा आसरा या अशाच अमूल्य सेवा होत. मात्र महानगरांचे सांडपाणी, कारखान्यांचे दूषित पाणी आणि राडारोडा खाडीत येतो. खारफुटीतील तिवर या झाडाची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे प्लास्टिकखाली दबली की झाड गुदमरते. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर सूक्ष्म शेवाळ माजते आणि तेच लहान रोहित पक्ष्याचे, म्हणजे फ्लेमिंगोचे, खाद्य असल्याने, थव्यांवरून खाडी निरोगी मानणे ही घातक चूक ठरते, कारण त्याच पाण्यातला प्राणवायू घटून कोळ्यांच्या जाळ्यातली मासळी आटते.